आकडा खरा आहे का? जुन्या शिडाच्या बोटीतली यंत्रं दुरुस्त करताना आणि बदलताना

मांडव्याच्या जेटीच्या दक्षिणेला आम्ही नांगर टाकायला जागा शोधत होतो. ओहोटी लागून दोन तास झाले होते. डेप्थ साउंडरवर १.६ मीटर दिसत होतं. कीलखाली दीड मीटरहून जास्त पाणी आहे अशा समजुतीनं मी बोट आणखी थोडी आत घेतली. धक्का असा बसलाच नाही. बोट चिखलात हलकेच रुतली, थांबली आणि थोड्या वेळानं डाव्या कुशीवर कलायला लागली. पुढची भरती पुरेशी चढून ती सुटेपर्यंत साडेआठ तास गेले.

साउंडर बिघडलेला नव्हता. आधीच्या मालकानं तो पाण्याच्या पृष्ठभागापासूनची खोली दाखवेल असा लावून ठेवला होता आणि मी तो आकडा कीलखालचा समजत होते. आमची कील दीड मीटर खोल जाते. म्हणजे पडद्यावर १.६ होतं तेव्हा कीलखाली जेमतेम पाच-सहा बोटं पाणी उरलं होतं. बोट घेऊन महिना झाला होता. त्या महिन्यात मी नव्या डिस्प्लेंच्या किमती पाहत होते, पण आहे तो आकडा कुठून मोजलेला आहे हे एकदाही तपासलं नव्हतं.

पंचवीस-तीस वर्षांची फायबरची शिडाची बोट विकत घेणाऱ्याला सोबत यंत्रांचा एक संसारही मिळतो. त्यातलं काही चालतं, काही अधूनमधून चालतं, काही नुसतंच भिंतीला असतं. सगळं काढून नवं बसवावं असं वाटणं साहजिक आहे, आणि तसं सुचवणारे विक्रेतेही भेटतात. माझा सल्ला वेगळा आहे. बंद पडलेल्या यंत्रावर आपण विसंबत नाही, त्यामुळे ते सहसा बोट बुडवत नाही. चालू असून चुकीचं सांगणाऱ्या यंत्रापासून सावध राहायला हवं. म्हणून दुरुस्ती की बदल हा निर्णय वयावरून करू नका. प्रत्येक यंत्राबाबत आधी एकच विचारा: ह्याचा आकडा खरा आहे हे मला दुसऱ्या मार्गानं पडताळता येतं का?

आधी वही, मग पाना

पहिल्या शनिवार-रविवारी काहीही उघडू नका. एक वही घ्या आणि बोटीतल्या प्रत्येक यंत्राला एक पान द्या. त्यावर मॉडेल, सिरियल नंबर, सेन्सर कुठे आहे, वायर कुठून कुठे जाते, कोणत्या फ्यूजवर आहे आणि ते कोणाशी बोलतं, एवढं लिहा. पॅनेलच्या मागचे फोटो काढा. वायरींना दोन्ही टोकांना नंबर बांधा. जुन्या बोटीत मालक बदलत गेलेले असतात आणि प्रत्येकानं आपली एक वायर वाढवलेली असते. कुठेच न पोहोचणाऱ्या वायरी निघतात, त्या पूर्ण ओढून बाहेर काढा. कापून आत सोडलेली वायर पुढच्या माणसाला चकवते, आणि तिच्यात वीज असेल तर आगही लावते.

पानाच्या तळाशी एक रिकामी ओळ ठेवा: 'कशाशी पडताळलं, कधी.' ही ओळ भरली गेली की तुमचं अर्धं काम झालं.

वीज: पहिला संशयित

यंत्र रिस्टार्ट होतं, दिवा मंदावतो, ऑटोपायलट मध्येच सोडून देतो, रेडिओवर बोलायला बटण दाबलं की पडदा विझतो. ही सगळी एकाच आजाराची लक्षणं आहेत: यंत्रापर्यंत पुरेसे व्होल्ट पोहोचत नाहीत. बॅटरीवर १२.७ व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नका. मल्टिमीटर यंत्राच्या पाठीमागच्या टर्मिनलवर लावा आणि यंत्र पूर्ण भारावर काम करत असताना मोजा. रेडिओ असेल तर बटण दाबून, ऑटोपायलट असेल तर सुकाणू फिरत असताना.

हिशोब सोपा आहे. समजा ऑटोपायलट १० अँपिअर घेतो आणि बॅटरीपासून ८ मीटर दूर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणून तांब्याची लांबी १६ मीटर धरायची. वायर २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर वाटेत सुमारे १.१ व्होल्ट हरवतात, म्हणजे नऊ टक्के. तीच वायर १० चौरस मिलिमीटरची घातली तर तूट ०.३ व्होल्टच्या आत येते. महत्त्वाच्या यंत्रांसाठी तीन टक्क्यांपेक्षा जास्त तूट नको, असा बोटींच्या विद्युतकामातला रूढ दंडक आहे. कितीतरी 'बिघडलेले' ऑटोपायलट नुसती जाड वायर घातल्यावर सुधारतात.

वायर घ्याल ती कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची, बारीक तारांची घ्या. घरच्या वायरिंगची एकतारी वायर बोटीच्या हिसक्यांनी तुटते, आणि साध्या तांब्यात खारी हवा आवरणाखालून फूटभर आत शिरते. वायरीचं टोक सोलून पाहा: आत तांबूस चमक असेल तर ठीक, काळी भुकटी असेल तर ती वायर गेली. प्रत्येक फांदीला तिच्या जाडीनुसार फ्यूज हवा, आणि मुख्य वायरीचा फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा.

हिरवी पूड

आमचा वारामापक दोन वर्षं बंद होता. आधीच्या मालकानं 'सेन्सर गेला' म्हणून सांगितलं होतं. डोलकाठीच्या बुडाशी, केबिनच्या छतात, एक जोडपेटी होती. चार स्क्रू काढून झाकण उचललं तर आत पिस्त्याच्या रंगाची पूड. पाच वायरींपैकी दोन टर्मिनलमध्ये होत्या, एक नुसती टेकलेली होती आणि दोन बोट लावताच सुटून हातात आल्या. वायरी दोन इंच मागे कापल्या, स्वच्छ तांबं लागेपर्यंत सोलल्या, नवे टर्मिनल घातले. संध्याकाळी वारामापक चालू झाला. खर्च टर्मिनलच्या पट्टीपुरता.

म्हणून कोणतंही यंत्र मृत जाहीर करण्यापूर्वी त्याच्या वाटेवरचा प्रत्येक जोड उघडून पाहा: डोलकाठीचं बूड, पॅनेलची पाठ, कॉकपिटच्या कप्प्यातले जोड, बिल्जजवळून जाणाऱ्या वायरी. नवा जोड करताना रॅचेटचा क्रिम्पर वापरा. पक्कडीनं चेपलेला जोड वर्षभरात ढिला होतो. वरून आत गोंद असलेली हीटश्रिंक नळी घाला. निव्वळ सोल्डरवर भरवसा ठेवू नका, कारण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होऊन हेलकाव्यांनी मोडते. व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन जोडाला लावू नका. त्यातलं अ‍ॅसिड तांबं खातं. आणि वायर पेटीत शिरण्यापूर्वी खाली झोल देऊन वर वळवा, म्हणजे पाणी झोलावरून गळून पडेल, पेटीत उतरणार नाही.

खोली आणि वेग

डेप्थ साउंडर तळातल्या ट्रान्सड्यूसरमधून आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. रचना इतकी साधी आहे की जुने साउंडर दीर्घायुषी असतात. आकडा नाचत असेल किंवा नुसत्या रेघा येत असतील तर आधी ट्रान्सड्यूसरचा चेहरा बघा. मुंबईच्या पाण्यात बोट महिनाभर नुसती उभी राहिली तरी त्यावर शेवाळ आणि बार्नॅकल बसतात. लाकडी पट्टीनं हळू खरवडा. तळाचा नेहमीचा तांबेयुक्त रंग त्यावर जाड थापू नका, ट्रान्सड्यूसरसाठीचा पातळ रंग वेगळा मिळतो.

ट्रान्सड्यूसर खरंच गेला असेल आणि डिस्प्ले चांगला असेल, तर त्याच फ्रिक्वेन्सीचा आणि त्या यंत्राला जुळणारा ट्रान्सड्यूसर शोधा. त्याची केबल कापून आखूड करू नका, उरलेली गुंडाळून ठेवा. बोटीचा तळ सलग फायबरचा असेल तर ट्रान्सड्यूसर आतून चिकटवता येतो आणि तळाला नवं भोक पडत नाही. तळाच्या थरांमध्ये फोम किंवा बाल्सा लाकूड असेल तर हा मार्ग बंद, कारण त्यातून आवाज पार होत नाही.

आता माझ्या चिखलाचा धडा. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली ४० सेंटिमीटरवर असेल आणि कील दीड मीटरवर, तर आकडा कीलखालचा हवा असल्यास उणे १.१ ची सेटिंग लागते आणि पृष्ठभागापासूनचा हवा असल्यास अधिक ०.४ ची. दोन्ही पद्धती चालतात, पण बोटीवरच्या प्रत्येकाला कोणती चालू आहे ते माहीत हवं. पडताळायला शिशाचं वजन बांधलेली, खुणा केलेली दोरी सोडा. आपल्या कोळी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणी वावांमध्ये मोजलं ते अशाच दोरीनं. मुंबई बंदरात तर दोरी यंत्रापेक्षा जास्त सांगते. इथला तळ मऊ गाळाचा आहे. २०० किलोहर्ट्झचा आवाज गाळाच्या वरच्या पातळ थरावरूनच परततो, तर ५० किलोहर्ट्झचा त्यात काही अंतर शिरून खालून परततो. एकाच जागी दोन साउंडर वेगळं सांगतात ते ह्यामुळे. वजन मात्र गाळात कुठवर जातं ते हाताला कळतं.

वेग मोजणारं चक्र बिघडलं की बहुतेकदा अडकलेलं असतं, किंवा त्याचा आस झिजलेला असतो. तळातून ते वर ओढून साफ करता येतं. पण बोट पाण्यात असेल तर आधी बूच हातात घ्या, मगच चक्र काढा. भोकातून पाणी मनगटाएवढ्या जाडीनं वर येतं. पहिल्यांदा पाहणारा माणूस घाबरून बूच शोधायला जातो, आणि तोवर केबिनची फरशी भिजते. चक्राचा आकडा जुळवायचा तर भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात, एकाच अंतरावर दोन्ही दिशांनी जा आणि दोन्ही वेगांची सरासरी जीपीएसशी ताडा. उधाणाच्या प्रवाहात एकाच बाजूला जाऊन जुळवलेला आकडा कायमचा खोटा ठरतो.

वारा

डोलकाठीच्या टोकावरचा सेन्सर उन्हात, मिठात आणि पक्ष्यांच्या पायांखाली जगतो. कावळे आणि घारी त्यावर बसून पंखा वाकवतात. वाट्या हातानं फिरवल्यावर खरखर लागली तर बेअरिंग गेलं. काही सेन्सरांचं बेअरिंग बदलता येतं, काहींचा वरचा भाग अख्खा बदलावा लागतो. दिशा एका कोनात अडखळत असेल तर आतला पोटेन्शिओमीटर झिजलेला असतो. नुसताच सेन्सर गेला असेल आणि त्याच पिढीचा मिळत असेल तर तेवढाच बदला. मिळत नसेल तर मात्र सेन्सर, केबल आणि डिस्प्ले तिन्ही एकदम बदलायचा विचार करा. डोलकाठी खाली उतरवलेली असतानाच नवी केबल आतून ओढून घ्या. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर चढवाल तेव्हा सेन्सर काढून घरी आणा आणि वरच्या सॉकेटला टोपी लावा.

जीपीएस: तारीखही बघा

जुना जीपीएस जागा बरोबर दाखवतो आणि तारीख वीस वर्षं मागची, हे अनेकांनी पाहिलं असेल. कारण असं: उपग्रहांच्या मूळ संदेशात आठवडे मोजायला १० बिटच ठेवलेले आहेत, त्यामुळे १,०२४ आठवडे झाले की मोजणी शून्यावर येते. असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, मग ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री झालं आणि पुढे नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. काही रिसीव्हर त्यांच्या सॉफ्टवेअरनुसार अधल्यामधल्या तारखेलाही चुकतात. जागा बरोबर आहे ना, मग तारखेचं काय, असं म्हणू नका. नकाशा दाखवणाऱ्या प्लॉटरमधली भरती-ओहोटीची गणितं तारखेवरच चालतात. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरनं चढतं-उतरतं. चुकीच्या तारखेची भरती बघून मांडव्याला किंवा रेवसच्या खाडीत शिरणं म्हणजे माझा अनुभव पुन्हा घेणं. कंपनीचं सॉफ्टवेअर मिळत असेल तर चढवा, नाहीतर भरतीसाठी छापील कोष्टक वापरा.

दुसरी तपासणी डेटमची, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या संदर्भावरून मोजले जातात त्याची. प्लॉटर डब्ल्यूजीएस ८४ वर आहे ना ते पाहा. कोणी तो जुन्या भारतीय डेटमवर ठेवला असेल तर नकाशावरची बोट खऱ्या जागेपासून सरकलेली दिसते. पडताळायला मूरिंगवर उभं राहून फोनवरचे अक्षांश-रेखांश ताडून बघा.

ज्या प्लॉटरच्या नकाशाच्या कार्ट्रिज आता निघत नाहीत, त्याच्यावर दुरुस्तीचा पैसा घालू नका. पडदा सुधारेल, पण आतला तळ वीस वर्षांपूर्वीचाच राहील. बंदरांच्या आसपास गाळउपसा होत राहतो, भराव पडतात, नवे पूल उभे राहतात. इथे बदलणंच योग्य. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा तुमच्या भागाचा कागदी नकाशाही बोटीवर ठेवा.

जिवाशी गाठ असलेली यंत्रं

बाकी कुठेही काटकसर करा, इथे नको. जुना व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर बोलत असेल, पण त्यात डीएससी नसेल तर बदला. डीएससीत एक लाल बटण दाबलं की चॅनल ७० वरून तुमची ओळख आणि जागा आपोआप जाते. जागा जायची तर रेडिओला जीपीएसची जोडणी हवी. अनेक बोटींत ती दोन वायरींची जोडणी केलेलीच नसते. ओळखीचा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक भारतीय बोटींसाठी ४१९ नं सुरू होतो. बोट परदेशातून आलेली असेल तर रेडिओत जुन्या देशाचा क्रमांक असतो, आणि बरेच रेडिओ तो मालकाला पुन्हा बदलू देत नाहीत. विक्रेत्याकडूनच पुसून घ्यावा लागतो. परवान्याची कागदपत्रंही त्याच वेळी तपासा. परदेशी बोटीत इरिडियम किंवा थुरायाचा सॅटेलाइट फोन निघाला तर तो वापरायला घेऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असा फोन बाळगणं हा भारतात गुन्हा ठरतो.

रेडिओचा आवाज दूर जात नसेल तर दोष बहुधा अँटेनाच्या केबलमध्ये असतो. टोकाचा प्लग कापून जाळी बघा. काळी पडली असेल तर पाणी आत गेलं आहे, केबल पूर्ण बदला.

ईपीआयआरबीकडे, म्हणजे संकटात उपग्रहांमार्फत हाक देणाऱ्या यंत्राकडे, सगळ्यात आधी बघा. १२१.५ मेगाहर्ट्झचा जुना ईपीआयआरबी असेल तर तो उपग्रहांना ऐकू येत नाही. ते ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झालं. ४०६ मेगाहर्ट्झचाच हवा, बॅटरीची मुदत उलटलेली नको, आणि नोंदणी तुमच्या नावावर हवी. भारतीय संकेतांकाच्या ईपीआयआरबींची नोंदणी बंगळूरुला इस्रोच्या इंडियन मिशन कंट्रोल सेंटरकडे होते. मालक बदलला आणि नोंद तीच राहिली, तर संकटात फोन जुन्या मालकाच्या घरी वाजतो.

ह्याचं महत्त्व दर्यावर्दी अभिलाष टॉमी ह्यांच्या उदाहरणातून कळतं. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत आधुनिक यंत्रांना बंदी होती. सेक्स्टंट आणि कागदी नकाशांवर जग फिरायचं होतं, आणि ते हिंदी महासागराच्या दक्षिणेपर्यंत तसेच गेले. सप्टेंबरमध्ये वादळात त्यांची बोट 'थुरिया' उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. तेव्हा ईपीआयआरबी आणि संदेश पाठवायचं छोटं यंत्र चालू होतं, म्हणून त्यांची जागा कळत राहिली आणि फ्रेंच जहाज 'ओसिरिस'नं त्यांना उचललं. वारामापकाशिवाय, प्लॉटरशिवाय समुद्र पार करता येतो. मदत मागायचं साधन मात्र चालूच हवं. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये आणि पॅनेलवर, दोन्हीकडे लिहून ठेवा.

एआयएसचा, म्हणजे आसपासच्या जहाजांची ओळख आणि जागा रेडिओवरून दाखवणाऱ्या यंत्रणेचा, विचारही इथेच करा. मुंबई आणि न्हावा-शेवाच्या मार्गांवर रात्री जाणार असाल तर माझ्या मते जुनं रडार दुरुस्त करण्यापेक्षा एआयएसवर केलेला खर्च जास्त उपयोगी पडतो. पण मासेमारीच्या कितीतरी लहान होड्या आणि जाळी त्यावर दिसत नाहीत, तिथे डोळेच लागतात.

ऑटोपायलट आणि रडार

ऑटोपायलटचे तीन भाग वेगळे समजून घ्या: सुकाणू फिरवणारी मोटर, दिशा सांगणारा कंपास आणि निर्णय घेणारा संगणक. मोटरीचे कार्बन ब्रश, पट्टा, बेअरिंग स्थानिक कारागीर बदलून देतो. ती राखा. नव्या संगणकाला जुनी मोटर चालेल का, हे तिचे व्होल्ट आणि अँपिअर बघून ठरतं. बोट नागमोडी जात असेल तर कंपासजवळ कोणी स्पीकर, हत्यारांची पेटी किंवा नवी वायर ठेवली आहे का ते आधी पाहा.

जुन्या रडारचा डबा स्वतः उघडू नका. आत हजारो व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही ते काही काळ टिकतात. जुना अँटेना नव्या डिस्प्लेवर सहसा चालत नाही, म्हणून रडार बदलायचं तर जोडीनंच.

डिस्प्ले उघडायचा असेल तर

पडद्यावरच्या आकड्यांच्या रेघा गायब होत असतील तर बहुधा काच आणि सर्किट ह्यांच्यामधली रबरी झेब्रा पट्टी मळलेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही बाजू पुसून पट्टी पुन्हा नीट दाबून बसवली की आकडे परत येतात. यंत्र सुरू व्हायला वेळ घेत असेल तर फुगलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर शोधा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ते सहज मिळतात. १०५ अंशांचे घ्या, कारण उन्हात तापलेल्या कॉकपिटमध्ये कमी प्रतीचे लवकर वाळतात. बंद करताना रबरी कडं नवं घाला आणि त्यावर सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवा. आत रसायन ओतून सीलबंद केलेलं यंत्र असेल तर नाद सोडा. खारं पाणी शिरलं असेल तर वीज न देता आधी डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, मग अल्कोहोलनं, मग दोन दिवस वाळवा. तसंच वाळवलं तर मीठ आत राहतं आणि पुढच्या दमट दिवशी काम सुरू करतं.

जुनं आणि नवं एकमेकांशी बोलेल का?

जुनी यंत्रं एनएमईए ०१८३ ह्या भाषेत बोलतात. तिथे एक बोलतो आणि इतर ऐकतात, नेहमीचा वेग ४,८०० बॉड, एआयएससाठी ३८,४००. काही कंपन्यांची स्वतःची भाषाही होती, उदाहरणार्थ ऑटोहेल्म आणि नंतर रेमरीनचं तीन वायरींचं सीटॉक. नवी यंत्रं एनएमईए २००० वर चालतात: एक मुख्य केबल, तिला टी-जोडांतून फुटणाऱ्या फांद्या, दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर. जुन्या-नव्यांमध्ये बसवायचे कन्व्हर्टर मिळतात. एखाद-दुसरं जुनं यंत्र राखायचं असेल तर कन्व्हर्टर घ्या. तीन-चार कन्व्हर्टर लागायला लागले तर समजा की सगळं जाळं बदलायची वेळ झाली. नवं जाळं टाकल्यावर वीज बंद करून दोन डेटा-वायरींमधला रोध मोजा. ६० ओहम आला तर दोन्ही टर्मिनेटर जागेवर आहेत, १२० आला तर एक सुटला आहे.

खरेदीचा क्रम असा ठेवा: ईपीआयआरबी आणि रेडिओ, मग वायरी आणि बॅटरी, मग मुख्य केबल, मग तळातले सेन्सर, आणि डिस्प्ले सगळ्यात शेवटी. तळाचं काम पावसाळ्यात बोट वर असतानाच होतं, म्हणून ट्रान्सड्यूसर मे महिन्याच्या आधी हातात असू द्या. काढलेली चालू यंत्रं फेकू नका. एक सुटा जुना साउंडर स्वतंत्र वायरीवर चालू ठेवला तर मुख्य जाळं कोलमडल्यावर तोच आधार होतो.

पाण्यावरची परीक्षा

बोट पाण्यात उतरल्यावर पहिली फेरी फक्त तपासणीसाठी काढा. दोरीनं खोली, फोननं जागा, दोन दिशांनी वेग, होकायंत्रानं ऑटोपायलटचा कंपास. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरं उत्तर ह्यांत जवळजवळ फरक नाही, त्यामुळे इथे दिसणारी तफावत बहुतांशी बोटीचीच असते. रेडिओ कामकाजाच्या चॅनलवर दुसऱ्या बोटीला हाक देऊन बघा, चाचणीसाठी १६ अडवू नका. प्रत्येक गोष्ट वहीतल्या त्या रिकाम्या ओळीत तारखेसह लिहा.

आमच्या बोटीत रेडिओ, ईपीआयआरबी, प्लॉटर आणि निम्म्या वायरी नव्या आल्या. साउंडर मात्र तोच आहे, तळातला ट्रान्सड्यूसरही तोच. त्याच्या पडद्याखाली एक पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर लिहिलंय: 'कीलखालचं पाणी. दोरीनं तपासलं.' पुढे तारीख. दर ऑक्टोबरला बोट पाण्यात उतरली की आम्ही शिशाची दोरी सोडतो, आकडा ताडतो आणि जुनी तारीख खोडून नवी घालतो.